उरलेले अकरा ब्लॉक आणि सागवानी सेटी

ठाण्याला नौपाड्यातल्या आमच्या घरी हॉलच्या खिडकीला लागून एक सागवानी सेटी आहे, तीन माणसांची, सासऱ्यांनी घेतलेली, लाकूड अजून एकदम ठणठणीत. गाद्या मात्र गेलेल्या. फोम मधोमध इतका बसला होता की आई (माझ्या सासूबाई) उठताना दोन्ही हात लाकडावर रेटून उठायच्या, आणि वरचं रेक्झिन मे महिन्यात पाठीला चिकटायचं आणि कोपऱ्यांवर तडकलं होतं. नवीन गाद्या करायच्या हे ठरलेलंच होतं, कव्हर कशाचं करायचं एवढाच प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर माळ्यावर एका जुन्या अभ्र्यात पडून होतं, आईंच्या गोधडीचे उरलेले अकरा ब्लॉक, म्हणजे कापडाचे तुकडे जोडून केलेले चौकोन.

हे सगळं सविस्तर लिहितेय कारण त्या अकरातले चार आम्ही पहिल्याच प्रयत्नात घालवले. ते परत मिळणारे नव्हते, त्यातलं कापड आईंच्या आईचं होतं. ज्यांच्या घरी असे उरलेले ब्लॉक असतील त्यांनी कात्री लावायच्या आधी हे वाचावं असं मला मनापासून वाटतं.

आधी ब्लॉकबद्दल. आईंचं माहेर जतकडचं, तिकडं गोधडीला वाकळ म्हणतात आणि तिथून थोडं पुढं कर्नाटकात गेलं की कौदी. आईंनी माझ्या मुलीसाठी ही गोधडी करायला घेतली तेव्हा विचार डबल बेडचा होता, मग मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, मध्ये काही महिने गेले आणि मुलगी म्हणाली मला माझ्या पलंगापुरतीच हवी. झालेल्या ३१ ब्लॉकमधले २० लागले, चार बाय पाच, ४८ बाय ६० इंचाची गोधडी झाली आणि ११ उरले. प्रत्येक ब्लॉक नऊ चौकोनांचा, चौकोन शिवून ४ इंचाचा, म्हणजे अख्खा ब्लॉक १२ इंच आणि कडेची माया (शिवणीत आत जाणारं कापड) धरून साडेबारा. माया सगळीकडे पाव इंच, पॅचवर्कमध्ये तेवढीच धरतात. कापड सगळं जुनेर. आईंच्या आईची दोन इरकल लुगडी, आईंच्या सुती साड्या, खणाच्या चोळ्यांचे तुकडे, आणि कुठे कुठे सासऱ्यांच्या लेंग्याचं पांढरं कापड.

सेटीची एक सीट २१ बाय २१ इंच, जाडी ४ इंच. मी हिशेब केला की दोन बाय दोन असे चार ब्लॉक जोडले की २४ इंच होतात, कडेनं थोडं कापलं की बसलं. मोठी माणसं म्हणतात तसं घाई कामाची नव्हती, पण मला ते रेक्झिन डोळ्यासमोर नको झालं होतं आणि पाहुणे यायचे होते. चार ब्लॉक जोडले, साडेचोवीसचे कापून बावीसवर आणले, खाली केसमेंटचा (जाडसर सुती कापडाचा) तुकडा लावला, बाजूची पट्टी लावली, मागे चेन बसवली, जुन्याच फोमवर चढवलं. दिसायला छान दिसत होतं हे खरं. पण नीट बघितलं तर चारही बाजूंनी सव्वा सव्वा इंच कापल्यामुळे कडेचे चौकोन पट्टीसारखे उरले होते आणि मधले मोठे, म्हणजे नऊ सारख्या घरांची जी मजा असते ती गेली होती.

तीन आठवड्यांनी मधली शिवण उघडली. शिवण म्हणजे दोरा नाही बरं का, दोरा शाबूत होता, त्याच्या बाजूचं कापड फाटलं होतं, सुईच्या भोकांच्या रेषेत, पोस्टाच्या तिकिटांची पानं फाडावीत तसं सरळ. मी नवा मजबूत पॉलिएस्टर दोरा वापरला होता, टाका बारीक ठेवला होता, मला वाटलं होतं जितका बारीक टाका तितकं पक्कं. विरलेल्या सुती कापडावर उलटं झालं, भोकं जवळ जवळ पडली आणि दोऱ्यानंच कापड कापलं.

त्या संध्याकाळी आईंनी ते कव्हर मांडीवर घेऊन बराच वेळ बघितलं. मग म्हणाल्या, "अगं, लुगडं कुठं विरतं सांग बरं? बसायच्या जागी. पदर नवा राहतो, काठ राहतो आणि मधलं जातं. म्हणून तर दांड घालायचे." दांड घालणं म्हणजे काय हे ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी, नऊवार लुगडं मधे बसायच्या जागी विरलं की बायका तो विरलेला भाग कापून काढायच्या आणि दोन्हीकडचे चांगले भाग जोडून परत नेसायच्या. त्या जोडाला दांड. म्हणजे बसण्याचा ताण कापडाला नेमका कुठं खातो हे आमच्या आज्यांना पक्कं ठाऊक होतं, आणि मी नेमकं तिथंच, सीटच्या बरोबर मधोमध, चार ब्लॉकच्या कोपऱ्यांचा जोड आणून ठेवला होता.

दुसरं त्या म्हणाल्या ते मला जास्त महत्त्वाचं वाटलं. "एका थराची वाकळ कुणी करतं का?" खरंच, गोधडीत वरचा ब्लॉक एकटा कधीच नसतो. खाली थर असतात, जुनी धोतरं, साड्या, आणि त्या सगळ्यांना धावदोरा बोटभर अंतरानं बांधून ठेवतो. ओढ आली की ती शेकडो टाक्यांत वाटली जाते. मी ब्लॉक त्या सगळ्यातून सुटा काढला आणि त्याला सोफ्याच्या कापडाचं काम दिलं. त्यात ज्याच्यावर अंग टेकतं ते गोधडीचं कापड झोपलेल्या माणसाखाली सपाट पडून असतं, सीटवरचं कापड चारी बाजूंनी ताणून बसवलेलं असतं आणि माणूस बसला की आणखी ताणतं, उठताना पुढे सरकतं, आणि हे दिवसातनं वीस वेळा.

म्हणून दुसऱ्या वेळी एकच गोष्ट धरून सगळं ठरवलं, की भार खालच्या कापडानं घ्यायचा, ब्लॉकनं नाही. ब्लॉक फक्त त्याच्यावर बसवलेला, जागोजागी टाक्यांनी धरलेला. पुढचं जे काही सांगते ते सगळं यातूनच निघालंय.

उरलेले सात ब्लॉक आम्ही जमिनीवर मांडले. तीन सीट, तीन पाठी, एक शिल्लक. प्रत्येक गादीला एकच ब्लॉक. याचा मोठा फायदा नंतर लक्षात आला. ब्लॉक मोजले तेव्हा एकही बरोबर साडेबारा नव्हता, कुठला सव्वाबारा, कुठला पावणेतेरा, आईंनी काही ऑपरेशनच्या आधी केलेले काही नंतर, त्यामुळे फरक होणारच. चार ब्लॉक एकमेकांना जोडायचे तर चारही सारखे लागतात, मग सगळ्यात लहान असेल त्याच्या मापाला बाकीचे कापावे लागतात. एकच लावला तर त्याला कुणाशी जुळवून घ्यायचं नसतं, कमीजास्त असेल ते भोवतीची पट्टी सांभाळून घेते. आणि नऊ घरांच्या ब्लॉकचं बरोबर मधलं घर अख्खं असतं, तिथं शिवणच नाही, म्हणजे जिथं सगळ्यात जास्त भार पडतो तिथं जोड येत नाही.

आता १२ इंचाचा ब्लॉक २१ च्या सीटवर सरळ ठेवला तर भोवती साडेचार साडेचार इंच मोकळं राहतं, ब्लॉक हरवल्यासारखा वाटत होता. मुलीनं तो उचलून तिरका ठेवला, पतंगासारखा, आणि तेच ठरलं. १२ चा चौकोन तिरका केला की टोकापासून टोकापर्यंत १७ इंच होतो (१६.९७, पण शिवणकामात १७ धरा). चार कोपऱ्यांना चार त्रिकोण लावले की १७ चा सरळ चौकोन तयार, आणि त्याभोवती २ इंचाची पट्टी लावली की बरोबर २१. हे जमलं तेव्हा मला इतका आनंद झाला की मी तो हिशेब कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवला.

त्रिकोणांची एक गोष्ट फार महत्त्वाची. ते कापताना १० इंचाचे दोन चौकोन घ्यायचे आणि प्रत्येक एकदाच तिरका कापायचा, म्हणजे चार त्रिकोण मिळतात आणि त्यांची तिरकी, म्हणजे उरेब बाजू ब्लॉकच्या बाजूला जाते आणि सरळ धाग्याची बाजू बाहेर राहते. उलटं केलं तर गादीची सगळी कड उरेब येईल आणि कड लांबत लांबत जाऊन लाटा पडतील. हिशेबानं खरं तर साडेनऊपेक्षा थोडा कमी चौकोन पुरतो पण १० घेतला की शेवटी नीट कापून सरळ करायला जागा राहते, कापताना ब्लॉकच्या टोकापुढे पाव इंच माया सोडायची, नाहीतर टोकं शिवणीत जातात.

तिरक्या ब्लॉकचा एक तोटाही आहे. ब्लॉकचे उभे आडवे धागे सीटला तिरके येतात, आणि कापड तिरकं ओढलं की सगळ्यात जास्त ताणतं. फक्त ब्लॉकवर सोडलं असतं तर महिन्याभरात मधे झोळ पडला असता. म्हणूनच खाली मांजरपाट, म्हणजे कोरं जाडं सुती कापड, आणि मांजरपाटाचे धागे मात्र सीटला सरळ.

मांजरपाटाबद्दल थोडं थांबून सांगते कारण इथंच लोक फसतात. कोऱ्या मांजरपाटाला खळ असते आणि तो पहिल्या धुण्यात चांगलाच आटतो. मी एक मीटर मापून रात्रभर पाण्यात ठेवला, सकाळी धुऊन वाळवून इस्त्री केली, ९५ सेंटिमीटर भरला. आता विचार करा, वरचा ब्लॉक जुनेराचा, तो वर्षानुवर्षं धुतलेला, तो आता आटणार नाही. कोरा मांजरपाट तसाच लावला असता तर पहिल्या धुण्यात खालचा थर आटला असता, वरचा नाही, आणि अख्खी सीट चुरगळलेल्या कागदासारखी झाली असती. त्यामुळे मांजरपाट, बाजूच्या पट्टीचं केसमेंट, पायपिंगचं (कडेला डोरी भरून लावतात त्या पट्टीचं) कापड, सगळं आधी भिजवून घेतलं. रंगही बघितला. पांढरा ओला रुमाल प्रत्येक चौकोनावर घासायचा. इरकलच्या लाल पदराच्या दोन तुकड्यांनी रुमालावर गुलाबी डाग सोडला, ते दोन्ही ज्या ब्लॉकमध्ये होते तो ब्लॉक सीटला न घेता पाठीला घेतला, कारण पाठ कमी धुवावी लागते.

असंच प्रत्येक ब्लॉकची जागा ठरवताना कापड बघितलं. इरकलचं अंग सुती, काठ मात्र आर्ट सिल्कचा, म्हणजे रेयॉन, आणि रेयॉन ओला झाला की कमजोर होतो, पिळला तर जातो. खणाच्या दशा फार सुटतात, पाव इंच माया त्याला कमीच. एका चौकोनाचं कापड आम्हाला कळेना म्हणून कडेचा धागा काढून जाळून बघितला, सुती असेल तर कागदासारखा जळतो आणि राख चुरडली जाते, तो मात्र वितळून कडक मणी झाला, म्हणजे पॉलिएस्टर, त्यावर गरम इस्त्री नको. सीटला गेले ते तीन ब्लॉक जवळजवळ सगळे साध्या सुती साड्यांचे आणि लेंग्याच्या कापडाचे. खण आणि काठवाले पाठीला.

यात आणखी एक गोष्ट होती जी मी आधी विचारात घेतलीच नव्हती. ब्लॉक मांडलेले असताना आईंनी एक हळूच बाजूला सरकवला. काळ्या चंद्रकळेसारखा दिसणारा, पण तो इरकलच होता, त्यांच्या आईच्या रोजच्या लुगड्याचा. मी विचारलं तर म्हणाल्या, "ह्याच्यावर बसायचं नाही मला." मग थोड्या वेळानं स्वतःच म्हणाल्या की तसं म्हटलं तर वाकळ अंथरतोच की आपण, आई गेल्यावर तिच्याच लुगड्याच्या वाकळीवर झोपायचो, उबच असते ती. पण बसणं वेगळं वाटतं त्यांना, आणि मला ते पटलं. तो ब्लॉक मधल्या पाठीला लावला. पाठ टेकली की आईच्या लुगड्याला टेकली, असं त्यांनी ठरवलं आणि ते तसंच राहिलं. तुमच्याकडे कुणाच्या जुनेराचे ब्लॉक असतील तर ज्यांचं ते माणूस होतं त्यांना आधी विचारा, माप नंतर घ्या.

फोम. जवळच्या गादीवाल्या काकांनी जुना फोम दाबून बघितला आणि सांगितलं कव्हर कितीही चांगलं शिवा, हा फोम असाच खाली जात राहिला तर कव्हर ढिलं पडून सरकेल आणि परत शिवणी जातील. नवीन ४० डेन्सिटीचा घेतला. डेन्सिटी म्हणजे एका घनमीटरचं वजन किलोत, त्यामुळे घरी पडताळता येतं. साडेएकवीस बाय साडेएकवीस बाय ४ इंचाचा तुकडा ४० डेन्सिटीचा असेल तर १ किलो २०० ग्रॅमच्या आसपास भरतो, ३२ चा असेल तर किलोच्या थोडा आतच. आमच्या तिन्ही तुकड्यांचं वजन बरोबर आलं. माप साडेएकवीस का, तर कव्हर २१ चं आणि फोम अर्धा इंच मोठा, म्हणजे कव्हर भरलेलं राहतं, सुरकुती पडत नाही. हा नियमही काकांचाच.

मग शिवण. तिरका ब्लॉक, चार त्रिकोण आणि भोवतीची पट्टी एवढं जोडून झालं की ते २४ बाय २४ च्या मांजरपाटावर पसरायचं. भोवतीची पट्टी हिशेबानं पावणेतीन इंचाची हवी (२ इंच दिसणारी, पाव आतली माया, अर्धा बाहेरची), पण मी सव्वातीनची कापली कारण टाके घातले की सगळं थोडं आत ओढलं जातं, आणि नेमकं बावीसचं माप सगळे टाके झाल्यावरच कापायचं. हे आधी कापलं तर परत तेच रडगाणं, कुठंतरी कमी पडणार.

मधे कापसाचा किंवा पॉलीफिलचा थर घातला नाही. मऊपणासाठी खाली ४ इंच फोम आहेच, मधे आणखी जाड थर आला की वरचं कापड खालच्यावर सरकतं आणि ते सरकणंच शिवणींना मारतं. नुसता ब्लॉक आणि मांजरपाट, घट्ट एकमेकांना धरून.

टाके कसे घालायचे यावर आईंचं आणि माझं दोन दिवस चाललं होतं. आई गोधडी कडेनं सुरू करून आत आत येतात, हातानं, थर हातानंच सारखे करत. मी मशीनवर मधून बाहेर जाणार होते म्हणजे फुगा राहिला तर कडेला निघून जातो. शेवटी दोन्ही केलं. आधी कच्चे टाके, मग मी मशीननं प्रत्येक चौकोनाच्या शिवणीच्या अगदी कडेनं दाबटीप मारली, म्हणजे पाव इंचाची जी माया खाली वळली होती ती मांजरपाटाला पकडली गेली आणि ओढ शिवणीवर न येता मांजरपाटावर गेली. टाका यावेळी मोठा, ३ मिलिमीटरचा, दोरा सुती, सुई १४ नंबरची. त्यानंतर आईंनी प्रत्येक घराच्या आत हातानं धावदोरा घातला, एकात एक चौकोन, बाहेरून आत. डोळ्यांना त्रास नको म्हणून सकाळी खिडकीतल्या उजेडात तासभरच, एका सीटला चार सकाळी लागल्या. घाई केली नाही. त्या धावदोऱ्यानंच ते नुसतं कव्हर न राहता वाकळीचं कापड झालं, हात फिरवला की कळतं.

बाजूची पट्टी, चेन आणि पायपिंग हे सोफ्याचं नेहमीचंच काम आहे, थोडक्यात सांगते. चेन आणि डोरी जांभळी नाक्याजवळ मीटरवर मिळाली, केसमेंटसाठी उल्हासनगरला गजानन मार्केटमध्ये गेले कारण मला एकाच ताग्यातलं सगळं हवं होतं. चेन मागच्या बाजूला, पण नुसती २१ इंच नको, दोन्ही बाजूंना कोपरा वळून तीन तीन इंच पुढे यायला हवी, म्हणजे २७. नाहीतर फोम आत जातच नाही, जबरदस्ती घातला की चेनच्या टोकाशी फाटतं. चेनसाठी ३ इंचाच्या दोन पट्ट्या, मधोमध चेन, ती पट्टी ४ इंच दिसते. सीटचा घेर ८४, त्यातून २७ गेले की ५७, मायेसकट ५८ इंचाची पुढची पट्टी एकसंध, उभ्या धाग्यावर कापलेली. आडवी कापली तर पन्ह्यात (कापडाच्या रुंदीत) बसत नाही आणि जोड समोर येतो.

पायपिंग फक्त वरच्या कडेला, तीन सीटना मिळून साडेसहा मीटर. पट्टी उरेबच हवी, पावणेदोन इंचाची, नाहीतर कोपऱ्यावर वळत नाही. कोपऱ्यांना कान येऊ नयेत म्हणून वरच्या तुकड्याचे कोपरे कापायच्या आधी लहान वाटीनं किंचित गोल करून घेतले, आणि वळताना बाजूच्या पट्टीच्या मायेला दोन तीन बारीक कट दिले. इथं सुई १६ नंबर, पॉलिएस्टर दोरा, अर्धा इंच माया, कारण या शिवणीत मांजरपाट आणि केसमेंट आहे, जुनेर नाही. भोवतीची २ इंची पट्टी ठेवायचं मुख्य कारणही हेच. जुनं कापड कडेच्या शिवणीपर्यंत पोचतच नाही, चेन ओढा, फोम कोंबा, सगळा जोर नव्या कापडावर.

पाठीच्या गाद्या २१ बाय १६, त्यात ब्लॉक सरळ, दोन्ही बाजूंना साडेचार आणि वर खाली दोन इंच. त्यांना मांजरपाट लावलाच, पण मशीनची दाबटीप फक्त बाहेरच्या चौकटीला, आत सगळा आईंचा धावदोरा.

घालवलेल्या चार ब्लॉकचं काय केलं तेही सांगते. उसवून बघितले, कडेचे कापलेले सोडले तर प्रत्येकात चार घरं अख्खी होती, सोळातली तीन फाटलेल्या शिवणीजवळची, उरली तेरा. त्यातल्या बारांची सेटीच्या हातांवर टाकायला दोन पट्ट्या झाल्या, ८ बाय १२ ची, खाली मांजरपाट आणि धावदोरा.

फेब्रुवारीत गाद्या बसवल्या, आता गणपती होऊन गेले. पावसाळाभर हॉलमध्ये दमटपणा होता, दर पंधरा दिवसांनी चेन उघडून फोम बाहेर काढून पंख्याखाली उभा करून ठेवत होते. उन्हात नाही, उन्हानं फोम पिवळा पडून भुगा व्हायला लागतो. सीटची कव्हरं दोनदा धुतली, थंड पाणी, हातानं, ब्रश नाही, न पिळता उलटी करून सावलीत. मधली सीट, जिथं आई बसतात आणि सगळ्यात जास्त वापर आहे, तिची एकही शिवण उघडलेली नाही. मधलं घर लेंग्याच्या पांढऱ्या कापडाचं, ते थोडं विरायला लागलंय, उजेडात धरलं की खालचा मांजरपाट दिसतो, पण धावदोऱ्यानं धरून ठेवलंय, फाटलं नाही.

दोन गोष्टी नीट झाल्या नाहीत. खिडकीकडच्या सीटला दुपारनंतरचं ऊन थेट येतं आणि तिचा निळा पाच महिन्यांत फिका झाला, आता महिन्याला तिन्ही सीटच्या जागा बदलते, हे पहिल्यापासून करायला हवं होतं. आणि डाव्या पाठीच्या खणाच्या एका चौकोनाच्या दशा सुटल्या, मांजरपाट असूनसुद्धा. तिथं आई त्या तेराव्या घराचा तुकडा वरून ठेवून हातानं शिवतायत, कड आत वळवून, ठिगळासारखं. कापड जुळत नाही पण त्यांना तसंच हवंय.

सातवा ब्लॉक परत त्याच अभ्र्यात ठेवलाय, सोबत भिजवलेल्या मांजरपाटाचा तुकडा आणि पायपिंगची हातभर उरेब पट्टी. फक्त यावेळी माळ्यावर नाही, आईंच्या कपाटात खालच्या खणात, हाताला येईल असा.